‘ऐच्छिक’ आयकराची कुळकथा

अमेरिकेत आयकर भरणं कायद्यानं ऐच्छिक आहे, असा दावा तिथली करविरोधी मंडळी आजही करतात. तो खोटा आहे. पण त्याला एक खरं मूळ आहे. यादवी युद्धाच्या खर्चासाठी आलेल्या १८६२च्या आयकर कायद्यानुसार सरकारी आकारणी अधिकारी आपापल्या भागात फिरत आणि कुणी उत्पन्नाची यादी दिली नाही, तर ती स्वतः तयार करत. तो कर १८७२मध्ये संपला. १८९४चा नवा कर पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला आणि १९१३च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतरच आयकराचा पाय रोवला गेला. तेव्हा निघालेला पहिला १०४० क्रमांकाचा फॉर्म मुद्दाम पाहावा. उत्पन्नाचा हिशेब नागरिकानं मांडायचा, पण सोबत पैसे जोडायचे नाहीत. अधिकारी आकडे तपासणार, जूनमध्ये बिल येणार, मग भरणा. पुढं काही वर्षांत हाही टप्पा गळाला आणि विवरणपत्रासोबतच पैसे भरायची रीत पडली. आकारणीची सुरुवात सरकारऐवजी करदाता करू लागला, आणि याच पद्धतीला अधिकारी नि न्यायाधीश ‘ऐच्छिक’ म्हणू लागले.

इथं सरकारचाही दोष आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५३मध्ये दारूवरच्या कराचं काम पाहणाऱ्या विभागाच्या प्रमुखानं संसदीय समितीपुढं सांगितलं, की आयकर शंभर टक्के ऐच्छिक आणि दारूवरचा कर शंभर टक्के सक्तीचा. एवढ्या ढिसाळ बोलण्याचा सोयीस्कर अर्थ कुणी काढला, तर नवल नाही. १९६०च्या फ्लोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही करपद्धती जप्तीवर नव्हे, ऐच्छिक आकारणी आणि भरण्यावर उभी असल्याचं म्हटलं. हे वाक्य करविरोधकांना तोंडपाठ असतं. निकाल मात्र ते सांगत नाहीत. त्या खटल्यात न्यायालयानं ठरवलं, की परताव्यासाठी जिल्हा न्यायालयात दावा लावायचा, तर आधी आकारलेला कर पूर्ण भरला पाहिजे! कायद्यात सक्ती कुठं लिहिली आहे, असंही विचारलं जातं. करसंहितेचं पहिलंच कलम कर लादतं, ६०१२ विवरणपत्र मागतं आणि ६१५१ सरकारी मागणीची वाट न पाहता पैसे भरायला सांगतं. कायद्याचा प्रामाणिक गैरसमज फौजदारी खटल्यात बचाव ठरू शकतो, हे १९९१च्या चीक खटल्यात मान्य झालं. पण कायदाच घटनाबाह्य वाटतो, हा बचाव तिथं चालला नाही. फेरसुनावणीत आरोपी चीक दोषीच ठरला.

आयकर सक्तीचा आहे, मग टेक्सास राज्यात तो कसा नाही? कारण अमेरिकेत संघराज्याचा आणि राज्याचा असे दोन वेगळे कर आहेत. आपल्या रहिवाशांवर आयकर लावायचा की नाही, हे राज्य ठरवतं. विस्कॉन्सिननं तो १९११मध्ये लावला. अलास्कानं तेलाचा पैसा आल्यावर १९८०मध्ये काढून टाकला. टेक्सासनं २०१९मध्ये वैयक्तिक आयकरावर घटनेतच बंदी घातली. कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्के, तर पेनसिल्वेनियात सगळ्यांना सरसकट ३.०७ टक्के. ही निवड मतदारांची आणि विधिमंडळाची आहे, एकट्या करदात्याची नाही. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब टेक्सासात राहायला गेलं, तर राज्याचा आयकर सुटतो, संघराज्याचा १०४० फॉर्म नाही. आणि ह्यूस्टनमधल्या घराची घरपट्टी चांगलीच बसते.