चार गुंठ्यांची शाळा

दिवाळी जवळ आली की बेळगावच्या गल्ल्यांतून आणि भोवतालच्या मराठी खेड्यांच्या अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहू लागतात. दगड, विटा, पोती आणि चिखल यांतून बुरूज निघतात, तट चढतात, दरवाजे बसतात. किल्ल्याच्या उतारावर हळीव किंवा मोहरी पेरली म्हणजे चार दिवसांत हिरवे रान उगवते. मंडळांच्या स्पर्धा होतात, परीक्षक एका किल्ल्याकडून दुसऱ्या किल्ल्याकडे फिरतात आणि मुले छाती फुगवून आपल्या गडाची माहिती सांगतात. या उद्योगाला शेतीचे शिक्षण असे कोणी म्हणत नाही. तथापि पेरणीचा दिवस मागे मोजून ठरवणे, पाणी अधिक झाले तर बी कुजते हे पाहणे, आणि आपल्या हातचे काम चारचौघांच्या परीक्षेस मांडणे या तिन्ही गोष्टी मूल तेथे शिकते. खेड्यांतील तरुणांनी भरवलेल्या प्रदर्शनांचा इतिहास पाहू जाता त्याचे सारे सार या तीन गोष्टींतच सापडते.

प्रदर्शन हा शब्द आपल्याकडे बहुधा पाहणाऱ्याच्या बाजूने वापरला जातो. शेतकरी गाडी जोडून चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला जातो, खिलार बैलांचे दात आणि वशिंड पारखतो, आणि येताना चार गोष्टी शिकून येतो. सरकारी कृषी प्रदर्शनात तो मोठे भोपळे, उंच ऊस आणि नवी यंत्रे पाहतो. या पाहण्याला मोल आहेच. परंतु ज्याने वस्तू मांडली त्याचे शिक्षण पाहणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक होते. म्हणून प्रदर्शनात मांडणारा कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम नेमकेपणाने ज्यांनी ओळखला, त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा त्यांचा ग्रंथ १८८३ सालचा. शेतकऱ्याच्या दैन्याचे त्यातील वर्णन सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या शेवटी सुचवलेल्या उपायांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. दरवर्षी श्रावणात प्रदर्शने भरवावीत, आश्विनात उभ्या पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घ्यावी, उत्तम ठरतील त्यांना बक्षिसे द्यावीत, आणि तीन वर्षांच्या एकूण कामावरून पदव्या द्याव्यात, अशी त्यांची सूचना आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना विद्येबरोबर शेतकामाचीही परीक्षा द्यावी लागावी, असाही त्यांचा आग्रह होता. या सूचनेत एक खोच आहे. एका दिवसाच्या मांडणीवर बक्षीस देऊन जोतीरावांचे समाधान होत नाही. ते पीक शेतात उभे असताना पाहू इच्छितात, माणसाला औत हाकताना पाहू इच्छितात, आणि तीन वर्षांचा हिशेब मागतात. मांजरी येथे स्वतः शेती केलेल्या माणसाची ही दृष्टी होती.

सरकारचे लक्ष या बाजूला हळूहळू गेले. पुण्याजवळच्या लोणी येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतकी शाळा निघाली. त्याच धर्तीवर मुंबई इलाख्यात अन्यत्र निघालेल्या शाळा ‘लोणी पद्धती’च्या शाळा म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने या शाळांचा विचार केला. पंजाबात याहून निराळी रीत होती. तेथे शेतकीची वेगळी शाळा न काढता साध्या शाळेलाच जमिनीचा तुकडा जोडून शेतकी हा एक विषय शिकवला जाई. आयोगाचा कल या पंजाबी रीतीकडे अधिक होता. वादाचे मर्म असे की, शेतीचे शिक्षण काही निवडक मुलांना वेगळे काढून द्यावे, की गावातील प्रत्येक मुलाच्या रोजच्या शिक्षणात ते मिसळावे?

बेळगावपुरते बोलायचे तर प्रत्यक्ष करून दाखवण्याचा धडा या जिल्ह्याने फार पूर्वी घेतला आहे. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन बिघडते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती. अशा समजुतीपुढे व्याख्यान टिकत नाही आणि छापील पत्रकही टिकत नाही. शेजारच्या शेतात तो नांगर चालला, तेथले पीक बिघडले नाही, हे दिसले म्हणजेच शंका फिटते. १९१० साली किर्लोस्करांचा कारखाना औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर गेला आणि किर्लोस्करवाडी वसली. पण नवी गोष्ट गळी उतरवायला काय लागते, याचा अनुभव बेळगावच्याच मातीत मिळाला होता.

हाच अनुभव त्याच सुमारास अमेरिकेत येत होता आणि तेथे त्यातून एक मोठी चळवळ उभी राहिली. सरकारी तज्ज्ञ नवे बी आणि नवी मशागत सांगत, पण वडीलधारे शेतकरी ऐकत नसत. तेव्हा काही शिक्षकांच्या मनात आले की, हे ज्ञान मुलांच्या हाती द्यावे. ओहायो राज्यातील क्लार्क परगण्यात ए. बी. ग्रॅहॅम या शाळा-अधिकाऱ्याने १५ जानेवारी १९०२ रोजी स्प्रिंगफील्ड येथील न्यायालयाच्या तळघरात मुलामुलींची पहिली सभा भरवली. मका लावणे, भाजीपाल्याचा वाफा करणे, लिटमस कागदाने मातीचा आंबूसपणा तपासणे, अशी कामे त्यांना नेमून दिली गेली. आयोवा राज्यात जेसी फील्ड या शिक्षिकेनेही असेच काम चालवले. मुलांचे हे मका-संघ अन्य राज्यांत पसरले. १९१० साली दक्षिण कॅरोलिनातील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका पिकवला. आपल्या मापाने हे सुमारे ५८ क्विंटल होतात आणि तेथील त्या काळच्या सरासरीच्या ते कितीतरी पट होते. पोराने हे केल्यावर बापाला बी बदलावेच लागले.

मुलींचा प्रश्न अधिक कठीण होता; कारण शेत बापाचे आणि पुढे भावाचे. त्याच दक्षिण कॅरोलिनात १९१० साली मेरी क्रोमर या शिक्षिकेने त्यातून वाट काढली. प्रत्येक मुलीने एकराचा दहावा भाग, म्हणजे आपले चार गुंठे, स्वतः कसावे, त्यात टोमॅटो लावावेत, ते डब्यांत टिकवावेत आणि विकून आलेल्या पैशाचा हिशेब स्वतः ठेवावा, अशी ती योजना होती. चार गुंठ्यांनी कोणाचे घर चालत नाही. परंतु आपल्या नावाचा तुकडा, आपल्या हातचे पीक आणि आपल्या वहीतला जमाखर्च या तीन गोष्टी त्या मुलींना बहुधा आयुष्यात प्रथमच मिळाल्या.

पुढे १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायद्याने या कामाला सरकारी आधार मिळाला आणि हे संघ ‘फोर-एच’ या नावाने प्रसिद्ध झाले. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे एकच असल्याने चार पानांचे हिरवे क्लोव्हर हे त्यांचे चिन्ह ठरले. उन्हाळ्याच्या अखेरीस परगण्याची जत्रा भरते, तेव्हा मुले आपली वासरे, कोंबड्या, भाज्या, शिवणकाम आणि मुरंबे तेथे मांडतात. वस्तूबरोबर वर्षभराची नोंदही ठेवलेली असते. बी केव्हा पेरले, खत किती घातले, वासराला किती चारा लागला, खर्च किती आला, चुकले कोठे, हे सारे तीत येते. परीक्षणाची तेथील एक रीत लक्षात घेण्यासारखी आहे. पुष्कळ ठिकाणी मुलांची एकमेकांशी तुलना न करता प्रत्येक काम ठरावीक कसोटीला लावून निळी, तांबडी किंवा पांढरी फीत देतात. दहा मुलांची कामे उत्तम असली तर दहाही मुलांना निळी फीत मिळते. शेजाऱ्याची गाय आजारी पडावी, अशी इच्छा धरण्याचे कारण तेथे उरत नाही.

भारतात असे प्रयत्न झाले नाहीत, असे मुळीच नाही. रवींद्रनाथ ठाकुरांच्या प्रेरणेने १९२२ साली सुरू झालेल्या श्रीनिकेतनात ‘व्रती बालक’ या नावाने खेड्यातील मुलांची पथके उभी राहिली आणि तेथील वार्षिक मेळ्यात ग्रामीण कामांचे प्रदर्शन भरू लागले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. ग्रामसेवकाच्या कामात युवक मंडळे काढणे हेही एक काम होते. अमरावती जिल्ह्यातले डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले आणि ११ डिसेंबर १९५९ रोजी त्याच्या उद्घाटनास अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते. दोन्ही देशांतील शेतकरी तरुणांनी एकमेकांच्या घरी राहून काम करावे, अशी योजनाही त्या काळात चालू होती. पुढे १९७२ साली नेहरू युवक केंद्रे आणि १९७४ पासून कृषी विज्ञान केंद्रे आली. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या वार्षिक कृषी मेळ्याला बेळगाव जिल्ह्यातील शेतकरीही जातात.

एवढे सारे असूनही मुलांच्या शेतीकामाची परंपरा गावोगाव रुजली नाही. याचे एक कारण जमिनीच्या अपुरेपणात आहे. दोन एकर जमिनीवर चार भावांचा संसार चालत असता त्यातून मुलाला प्रयोगासाठी तुकडा देणे बापाला जड जाते. वाफा फसला तर घरचे धान्य तेवढे कमी होते. दुसरे कारण आपल्या शाळेच्या वृत्तीत आहे. शिकायचे ते शेतातून सुटण्यासाठी, असा समज घराघरांत पक्का आहे आणि शेतीच्या मिळकतीकडे पाहता तो सर्वस्वी चुकीचाही म्हणता येत नाही. तिसरे कारण प्रदर्शनांच्या रचनेत आहे. कृषी प्रदर्शनांत दालने असतात ती बहुशः सरकारी खात्यांची आणि कंपन्यांची. मुले शाळेच्या रांगेतून येतात, पत्रके गोळा करतात आणि परत जातात. ती पाहुणी असतात. जोतीरावांनी कल्पिलेल्या प्रदर्शनात ज्याची परीक्षा व्हायची, तोच आज प्रेक्षकांत बसला आहे.

या पार्श्वभूमीवर कडोलीसारख्या गावाचा विचार करावासा वाटतो. मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातील हे बेळगावजवळचे गाव सीमाभागातील मराठी वाचकांना परिचित आहे ते तेथील वार्षिक मराठी साहित्य संमेलनामुळे. साहित्य संमेलन हे शहराचे काम, ही समजूत अशा गावांनी खोटी पाडली. मांडव घालणे, पाहुण्यांची उतरण्याची सोय करणे, जेवणावळीची जबाबदारी घेणे, हे सारे गावकरी आणि तरुण उचलतात, तेव्हाच असे कार्य वर्षानुवर्षे चालते. ज्या गावाला ग्रंथांसाठी हे जमते, त्याला आपल्या मुलांच्या वाफ्यांसाठीही जमण्यासारखे आहे. या टापूत पिकांची विविधता मोठी आहे. पावसाळ्यात भात, मागून मसूर किंवा भाजीपाला, कोठे बटाटा, कोठे रताळी, असा हा मुलूख आहे. एका मुलाने मसुराच्या दोन वाणांची तुलना करावी, दुसऱ्याने बटाट्याच्या बियाण्याचा खर्च आणि बाजारभाव लिहून ठेवावा, एखाद्या मुलीने परसातल्या चार वाफ्यांवर वर्षभराची भाजी काढून तिचा हिशेब मांडावा. घरची भाषा मराठी आणि राज्यकारभाराची कन्नड, अशा या भागात वहीच्या एका पानावर पिकाचे नाव दोन्ही भाषांत लिहिले गेले, तर तेही शिक्षणच होईल.

असे प्रदर्शन भरल्याने गावातील सारे तरुण शेतीत राहतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बेळगावचे कारखाने, पुण्या-मुंबईच्या नोकऱ्या यांची ओढ खरी आहे आणि ती कमी होणार नाही. अमेरिकेतही फोर-एचमधून गेलेली बहुसंख्य मुले शेतकरी झाली नाहीत. परंतु जमीन सोडायची की धरायची, हा निर्णय आज पुष्कळ घरांत हिशेबावाचून होतो. एकराचे उत्पन्न काय, खर्च किती, पाणी कोठवर पुरते, हे ज्याने चौदाव्या वर्षी आपल्या हाताने लिहिले आहे, त्याला पुढे शेतजमिनीसाठी गिऱ्हाईक आले असता काय विकत आहोत, हे नक्की कळेल. तो शेती करो वा न करो, ती वही त्याला उपयोगी पडेल.

म्हणून युवक मंडळांनी आरंभ लहान करावा. दहा मुले, प्रत्येकाचा एकेक वाफा, प्रत्येकाची एक वही, आणि मळणी झाल्यावर देवळाच्या आवारात एका दिवसाची मांडणी, एवढे पहिल्या वर्षाला पुरे आहे. परीक्षक म्हणून गावातलेच दोन जाणते शेतकरी आणि शाळेतले एक शिक्षक असावेत. बक्षीस देताना भोपळ्याचे वजन जरूर करावे. पण त्याआधी वही उघडून पाहावी, आणि ज्याचा वाफा करपला त्याने तो का करपला हे प्रामाणिकपणे लिहिले असेल, तर त्यालाही पुढे बोलावून त्याचा मान करावा.