प्राथमिक चिकित्सक आणि बालमनाची भाषा : एका शिक्षणक्रमाचा इतिहास

आजारी मुलाला घेऊन आई प्रथम ज्याच्या दारात उभी राहते तो मानसोपचारतज्ज्ञ नसतो. खेड्यात तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी किंवा तेथील परिचारिका असते. शहरात घराजवळचा डॉक्टर अथवा बालरोगतज्ज्ञ असतो. पोटात दुखते, रात्री दचकून उठतो, शाळेत जावयाचे म्हटले की उलटी होते, मोठा झाला तरी अंथरूण ओले करतो, अशा तक्रारींत शरीराचा वाटा किती व मनाचा किती हे ओळखण्याची जबाबदारी त्यामुळे ह्या सामान्य चिकित्सकावरच येऊन पडते. त्याला त्या कामासाठी तयार कसे करावे, हा प्रश्न वैद्यकापुढे उभा राहून आता नव्वदांहून अधिक वर्षे लोटली आहेत. ह्या प्रयत्नांचा इतिहास सामान्यतः संस्था, अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके ह्यांचा इतिहास म्हणून मांडला जातो. परंतु बारकाईने पाहू जाता त्याच्या मुळाशी एक भाषिक प्रश्न आहे असे दिसते : चिकित्सकाने काय विचारावे, कोणत्या शब्दांत विचारावे, आणि जे कानावर पडते त्याचा अर्थ कसा लावावा.

बालमनाच्या चिकित्सेची पहिली चळवळ सामान्य डॉक्टरला बाजूला ठेवूनच वाढली, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. विल्यम हीली ह्यांनी १९०९ साली शिकागो येथे बालगुन्हेगारांच्या परीक्षणासाठी संस्था काढली, ती न्यायालयाच्या गरजेतून. १९२२ पासून कॉमनवेल्थ फंड ह्या निधीच्या साहाय्याने अमेरिकेत ठिकठिकाणी बालमार्गदर्शन चिकित्सालये निघाली. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता असे त्रिकूट तेथे काम करी. मुंबईत हीच पद्धती आली. १९३६ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. ते भारतातील पहिले मानले जाते. त्याचे जनकत्व वैद्यकीय महाविद्यालयाकडे नसून समाजकार्याच्या विद्यालयाकडे आहे, हे लक्षणीय होय. मुलाच्या मनाची विचारपूस करण्यासाठी वेगळी वास्तू आणि वेगळी माणसे निर्माण झाली. ताप, खोकला आणि हगवण पाहणारा डॉक्टर मात्र होता तेथेच राहिला.

ह्याच्या नेमका उलट प्रयोग १९३० साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाला. तेथील मानसोपचार विभागाचे प्रमुख अडॉल्फ मायर आणि बालरोग विभागाचे प्रमुख एडवर्ड्स पार्क ह्यांनी हॅरिएट लेन होम ह्या मुलांच्या रुग्णालयातच एक मानसोपचारतज्ज्ञ नेऊन बसविला. मुलाला मनाच्या डॉक्टरकडे पाठविण्याऐवजी मनाच्या डॉक्टरलाच मुलांच्या डॉक्टरांत राहावयास लावावे, म्हणजे शिकविण्याचे काम रोजच्या सहवासात होईल, अशी ती योजना होती. निवड झाली ती लिओ कॅनर ह्यांची. १८९४ साली तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील एका खेड्यात जन्मलेले, बर्लिनमध्ये वैद्यक शिकलेले आणि १९२४ साली अमेरिकेत येऊन दक्षिण डाकोटातील एका सरकारी मनोरुग्णालयात नोकरीस लागलेले हे गृहस्थ. भाषेची त्यांना विलक्षण ओढ होती. दातांविषयीच्या लोकसमजुतींवर त्यांनी १९२८ साली एक ग्रंथ लिहिला होता, ही वरवर अवांतर वाटणारी बाब येथे अगदीच अवांतर नाही. कारण लोक आपल्या शरीराविषयी काय बोलतात हे टिपून ठेवण्याची सवय त्यांना तेव्हापासून होती.

१९३५ मध्ये कॅनर ह्यांचे बालमानसोपचारावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. इंग्रजीतील त्या विषयाचे ते पहिलेच पाठ्यपुस्तक, आणि त्यास मायर व पार्क ह्या दोघांच्याही प्रस्तावना आहेत. बालरोगतज्ज्ञ हा त्याचा प्रधान वाचक. त्यांपैकी सर्वांनाच हे शिक्षण हवे होते असे मात्र नाही. शिकागोचे ख्यातनाम बालरोगतज्ज्ञ जोसेफ ब्रेनेमन ह्यांनी १९३१ साली ‘मानसोपचाराचे संकट’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख लिहून उघड विरोध नोंदविला होता. मुलांच्या साध्यासुध्या खोड्यांना मोठमोठी नावे देऊन आयांना भयभीत करण्याची जी लाट तेव्हा उसळली होती, तिच्याविरुद्धचा तो आवाज होता, आणि तो सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. कॅनर ह्यांनीच पुढे १९४१ साली अतिउत्साही मानसशास्त्रज्ञांपासून आयांचा बचाव करणारे एक पुस्तक लिहिले, ह्यावरून काय ते समजावे.

कॅनर ह्यांचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः अकरा मुलांच्या वर्णनावर आधारलेल्या १९४३ सालच्या निबंधासाठी. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा आरंभ त्यातून झाला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचा १९४६ सालचा लेख अधिक मोलाचा आहे. अशा मुलांच्या असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्याचा त्यात विचार आहे. एक मुलगा पातेल्यासारखे काहीही दिसले की एका बालगीतातील दोन शब्द उच्चारीत असे. ऐकणाऱ्यास ती निव्वळ बडबड वाटे. चौकशीअंती कळले की, तो दोन वर्षांचा असताना आई स्वयंपाकघरात ते गीत म्हणत होती आणि तिच्या हातून एकाएकी पातेले पडले होते. त्या शब्दांना अर्थ होता. तो फक्त त्या मुलापुरता आणि त्या प्रसंगापुरता मर्यादित होता, आणि त्याची किल्ली आईच्या आठवणीत होती. शब्द आणि अर्थ ह्यांचा संबंध व्यवहाराने ठरतो, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक सूत्र रुग्णालयाच्या वहीत इतक्या स्वच्छपणे उतरलेले क्वचितच पाहावयास मिळेल.

तथापि ही ऐकण्याची कला शिष्यांना व्याख्यानांतून देता येईना. ह्या बाबतीत नवी वाट लंडनमध्ये सापडली. टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात मायकेल बॅलिंट व त्यांच्या पत्नी ईनिड बॅलिंट ह्यांनी १९५० च्या सुमारास सामान्य डॉक्टरांची चर्चामंडळे सुरू केली. डॉक्टरांनी ठराविक दिवशी जमावे, आपापल्या दवाखान्यातील एखादा अडलेला रुग्ण कथन करावा, आणि तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, कोठे आपण त्याचे बोलणे तोडले, ह्याची इतरांनी चिकित्सा करावी, असा परिपाठ होता. १९५७ साली ह्या अनुभवावरील बॅलिंट ह्यांचा ग्रंथ निघाला. ही मंडळे मुख्यतः प्रौढ रुग्णांविषयी होती. पण डॉक्टरचा संवाद हाच शिक्षणाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट तेथे प्रस्थापित झाली.

पुढील दोन दशकांत लसी आणि प्रतिजैविके ह्यांमुळे संपन्न देशांत बालरोगांचे स्वरूप पालटले. रॉबर्ट हॅगर्टी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७५ साली वर्तन, शाळा व कुटुंब ह्यांतून उद्भवणाऱ्या दुखण्यांना ‘नवी रुग्णता’ असे नाव दिले. गरीब देशांत जुनी रुग्णताच संपलेली नव्हती, तेव्हा तेथे ह्या नव्या प्रश्नाला वाव तरी आहे काय, अशी शंका साहजिक होती. त्या शंकेचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पाहणीने दिले. सुदान, फिलिपाइन्स, भारत आणि कोलंबिया ह्या चार देशांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या ९२५ मुलांची तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. मानसिक विकारांचे प्रमाण चार ठिकाणी शेकडा १२ ते २९ इतके आढळले. केंद्रातील आरोग्यसेवकांनी त्यांपैकी शेकडा १० ते २० इतकेच ओळखले होते. परंतु ह्या पाहणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे : सोबत आलेल्या आयांना साध्या शब्दांत विचारले असता त्या मुलाची लक्षणे सहज सांगत होत्या. माहिती खोलीतच होती. ती कोणी विचारीत नव्हते.

विचारावयाचे प्रश्न अवघे दहा होते, आणि त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. त्यांत रोगाचे नाव कोठेही नाही. मुलाचे बोलणे बरोबरीच्यांहून वेगळे आहे काय, झोप नीट लागते काय, कारण नसता झटका येऊन पडते काय, डोके वारंवार दुखते काय, घरातून पळून जाते काय, घरातील वस्तू चोरते काय, उगाच घाबरते काय, शिकण्यात मागे आहे काय, इतर मुलांत खेळत नाही काय, कपड्यांत मलमूत्र करते काय, एवढेच. तरीही प्रश्न सोपा असणे आणि तो दुसऱ्या भाषेत सोपा राहणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठीत विचारावयाचे झाल्यास ‘मूल मंद आहे का?’ ह्या प्रश्नाला आई नकारच देईल, कारण तो शब्द शिवीच्या इतका जवळ गेला आहे; ‘ह्याच्या बरोबरीच्या मुलांना जे येते ते ह्याला येते का?’ असे म्हटल्यास ती उदाहरणे देऊ लागेल. ‘चोरी’ म्हटले की आरोप होतो, ‘न विचारता उचलतो’ म्हटले की ती केवळ हकीकत राहते. ‘फेफरे’ ह्या शब्दामागे मुलीच्या लग्नाची चिंता उभी असते. ‘आकडी’ म्हटले की तापातल्या तान्ह्या मुलाचे चित्र डोळ्यांपुढे येते. ‘उगाच’ हे क्रियाविशेषणही निरुपद्रवी नाही. भीतीला कारण आहे की नाही हे आईने आधीच ठरवून टाकावे असे त्यात गृहीत आहे, आणि ज्या घरात बाप रोज पिऊन येतो तेथे मूल उगाच घाबरत नसते.

न ओळखण्याचा दोष अल्पशिक्षित आरोग्यसेवकांच्या माथी मारण्याची सोय फार काळ टिकली नाही. एलिझाबेथ कॉस्टेलो ह्यांनी पिट्सबर्ग येथे केलेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रशिक्षित बालरोगतज्ज्ञांनाही पाचांपैकी एकसुद्धा मूल धडपणे ओळखता आले नव्हते. त्याच वर्षी मायकेल जेलिनेक व सहकाऱ्यांची पालकांसाठीची ३५ कलमांची लक्षणसूची पुढे आली. सूची उपयुक्त खरी, पण कागदावर खूण केल्यानंतर बोलावे लागतेच, आणि तेथे पुन्हा जुनी अडचण उभी राहते.

ह्या अडचणीला सरळ भिडणारा प्रयोग कॅनर ह्यांच्याच विद्यापीठातून निघावा, हा योगायोग सुखद आहे. लॉरेन्स विसो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ प्राथमिक चिकित्सक आणि ४१८ मुले ह्यांच्यावर केलेला हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. चिकित्सकांच्या एका गटाला रोगनिदानाचे जादा पाठ न देता केवळ संभाषणाचे कौशल्य शिकविण्यात आले. एकेक तासाच्या तीन चर्चा आणि प्रत्येक चर्चेनंतर रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीबरोबर दहा मिनिटांचा सराव, एवढेच हे शिक्षण. सहा महिन्यांनंतर अल्पसंख्य समाजांतील मुलांच्या दैनंदिन जीवनातील अडथळे तुलनेने अधिक कमी झाले आणि पालकांचा स्वतःचा मानसिक त्रासही उतरला. गोऱ्या मुलांत मात्र फरक दिसला नाही, आणि लक्षणांवरही विशेष परिणाम झाला नाही. हे मर्यादित यश अधिक बोलके आहे. चिकित्सक आणि कुटुंब ह्यांच्या बोलण्यात जेथे अंतर अधिक, तेथेच संभाषणाच्या शिक्षणाला काम अधिक, असे अनुमान त्यातून काढता येते.

भारतात १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम प्रौढांच्या तीव्र विकारांकडेच प्रामुख्याने वळलेला राहिला. मुलांसाठीचे मोठे पाऊल फेब्रुवारी २०१३ मध्ये पडले. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करावयाची, अशी त्याची आखणी. शोधावयाच्या तीस आजारांत भाषेच्या विकासातील विलंब, वर्तनविकार आणि अध्ययनातील अडचणी ह्यांचा समावेश आहे. फिरत्या पथकात दोन आयुष वैद्य, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी माणसे असतात.

आरंभासाठी निवडलेले स्थळ ह्या लेखाच्या विषयाला फार समर्पक आहे. पालघरच्या डोंगरपट्ट्यात वारली, कातकरी, कोकणा अशा समाजांची वस्ती आहे. तेथील मूल घरी वारली बोलते आणि अंगणवाडीत मराठी ऐकते. पथकातील वैद्याने प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तीन वर्षांच्या मुलाने उत्तर दिले नाही, तर तो भाषाविकासातील विलंब, परक्यासमोरचे बुजरेपण, की केवळ प्रश्न न कळणे, हे तपासणीच्या तक्त्यावरून ठरणार नाही. चुकीची खूण दोन्ही बाजूंनी महाग पडते : बोलके मूल जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालीत राहते, आणि खरोखर मागे पडलेले मूल ‘ह्यांची बोलीच वेगळी’ एवढ्या शेऱ्यावर सुटून जाते. निर्णय देऊ शकेल अशी व्यक्ती बहुधा दारातच उभी असते. ती मुलाची आई, किंवा त्याच पाड्यावरची अंगणवाडीसेविका. चार देशांच्या पाहणीतील दहा प्रश्न आईलाच विचारले गेले होते. पथकाच्या चार जणांच्या रचनेत दुभाष्याचे पद नाही.