धूळ आणि पाण्याचा थेंब

केर काढण्यापूर्वीं मातीच्या अंगणांत पाणी शिंपडावें, हें महाराष्ट्रांतील गृहिणीला कोणा शास्त्रज्ञानें शिकविलें नाहीं. कारखानदारीला मात्र तें शिकावें लागलें, आणि त्या शिक्षणाची फी मजुरांच्या फुप्फुसांनीं भरली.

तळेगांव दाभाडे येथें १९०८ मध्यें पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनीं गांवोगांव हिंडून पैसा पैसा जमविला, व जपानांत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखालीं भट्टी पेटली. स्वदेशीची ही कथा सर्वपरिचितच आहे. परंतु कांचेचा मुख्य घटक वाळू, म्हणजे सिलिका. तिची वस्त्रगाळ भुकटी श्वासावाटें आंत गेली कीं फुप्फुसांत वण पडत जातात, ते पुन्हां भरून येत नाहींत. या व्याधीस सिलिकोसिस म्हणतात. म्हणूनच सोडा व चुना मिसळतांना वाळू किंचित् ओली ठेवण्याची रीत कांचधंद्यांत आहे.

ओलाव्याचा हा गुण इतर धंद्यांत आधींच दिसला होता. शेफील्ड येथें कोरड्या दगडी चाकावर जेवणाचे कांटे घासणारे कारागीर ऐन तारुण्यांत मरत, ओल्या चाकावरचे अधिक जगत, डॉ. हॉलंड यांनीं १८४३ मध्यें हें लिहून ठेवलें. अमेरिकेंतील लेनर यानें १८९० नंतर पोकळ पहारीचें यंत्र केलें. तींतून प्रथम नुसती हवा सोडली, तों धुळीचे असे लोट उठले कीं खाणकाऱ्यांनीं यंत्रास हात लावण्याचें नाकारलें! तेव्हां त्यानें पाणीही सोडलें.

पण नुसत्या फवाऱ्यानें काम भागत नाहीं. नदींतील खडकावर ओंडका आदळतो, गवताची काडी मात्र वळसा घालून निसटते. थेंबाभोंवतीं हवा वळते तेव्हां तसेंच घडतें: जाडा कण सांपडतो, मिलिमीटरच्या दोनशेंव्या हिश्श्याएवढा सुटतो; आणि घातक तोच. डोळ्यांना हवा स्वच्छ भासते, ही त्यांतली खरी फसगत. दक्षिण आफ्रिकेंत कोट्झे यानें १९१६ मध्यें काढलेल्या कोनिमीटरानें, वजनांत न भरणारे हे कण कांचपट्टीवर टिपून मोजतां येऊं लागले. पुढें चिंचोळ्या नळींतून हवा वेगानें खेंचून पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब करणारीं यंत्रें आलीं. तीं कण पकडतात, पण शक्तीही पुष्कळ खातात.

भारतांतील १९४८ च्या कारखाना-कायद्यानें धूळ शोषणारें साधन तिच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ बसवावें असें सांगितलें. पाण्यानें पकडलेली धूळही वाळली कीं पुन्हां उडते. म्हणून तो गाळ ओला असतांनाच उचलावा लागतो.