प्रज्ञावंत विद्यार्थी : बेळगाव-निपाणी सीमाभाग (माध्यमिक स्तर)

बेळगाव व चिक्कोडी या दोन शैक्षणिक जिल्ह्यांतील हायस्कुलांत (आठवी ते दहावी), विशेषतः मराठी माध्यमात, असामान्य बुद्धीच्या मुलांचा होणारा शोध व त्यांना मिळणारे साहाय्य. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि परीक्षांची व्यवस्थाही बदलली. त्यावरून उद्भवलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याची चर्चा येथे केलेली नाही.

शिष्यवृत्ती परीक्षा : सर्वांत व्यवहार्य आधार म्हणजे २००८ साली सुरू झालेली केंद्राची ‘एनएमएमएस’ (राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती) परीक्षा. ती आठवीत, म्हणजे येथील हायस्कुलाच्या पहिल्याच वर्षी येते. बौद्धिक क्षमता व शालेय विषय असे ९० गुणांचे दोन पेपर असतात. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलेच पात्र ठरतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. देशभरातील एक लाख शिष्यवृत्त्यांपैकी महाराष्ट्राचा कोटा ११,६८२, कर्नाटकाचा ५,५३४. निपाणीचा मुलगा दुसऱ्या कोट्यात, लगतच्या कागल तालुक्यातला पहिल्या. गुणवत्ता यादी त्यामुळे राज्यापुरतीच खरी, हे यश मोजताना सहसा विसरले जाते.

राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ मध्ये दिल्लीत अवघ्या १० शिष्यवृत्त्यांनी सुरू झाली. १९७७ मध्ये तिचे स्वरूप विज्ञानापलीकडे विस्तारले, १९८५ मध्ये ती दहावीपुरती मर्यादित झाली. २०२१ पासून स्थगित.

निवासी शाळा : जवाहर नवोदय विद्यालय, कोथळी. प्रवेश सहावीत, ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. गावातल्या हायस्कुलाला हुशार मुलगी मिळण्याआधीच ती येथे गेलेली असते.

शाळांतील प्रयत्न : दहावीची (एसएसएलसी) परीक्षा ६२५ गुणांची, त्यांत प्रथम भाषा १२५. मराठी संस्थांच्या दहावी व्याख्यानमाला आणि पतसंस्थांचे गुणवंत सत्कार याच परीक्षेभोवती फिरतात. त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण गणितात दोन इयत्ता पुढे गेलेल्या मुलाच्या वाट्याला त्यांतून फारसे काही येत नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमापन करून निवडलेल्या मुलांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र प्रशाला काढली. तिची दिशा नेमकी उलटी : आधी मुलाची क्षमता पाहायची, मग अभ्यासक्रम.

कला : ‘प्रतिभा कारंजी’ या शालेय स्पर्धा समूह, तालुका, जिल्हा व राज्य अशा पातळ्यांवर होतात.

पुढील शिक्षण : निपाणीला लागून, पण कागल तालुक्यात असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय (१९६०) निपाणीकरांना जवळचे. महाराष्ट्र दावा करीत असलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या रहिवाशांना, दहावी वा बारावी सीमाभागातून झाली असल्यास, अभियांत्रिकी प्रवेशासाठी महाराष्ट्राचे उमेदवार मानले जाते. त्यासाठी मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडावा लागतो.