विकासाचा वाटा कोणाला? आर्थिक वाढ आणि सामाजिक विषमता समजून घेताना

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी गेली काही वर्षे भूमिहीन कुटुंबांबरोबर काम करते. मागच्या पावसाळ्यात तिथल्या एका विहारात तरुणांची बैठक होती. गावाजवळून चौपदरी रस्ता गेला आहे. बैठकीत एका मुलाने विचारले, “ताई, रस्ता आला, ढाबे आले, प्लॉटिंग सुरू झालं. आपल्या वस्तीला त्यातलं काय मिळालं?” उत्तर सोपे होते. रस्त्यामुळे जमिनीचा भाव वाढला आणि वस्तीत जमीन कोणाच्याच नावावर नव्हती.

आर्थिक वाढीचा पहिला वाटा ज्याच्या हातात आधीपासून जमीन, शिक्षण, भांडवल किंवा ओळखी आहेत त्याला मिळतो. ज्याला या गोष्टी पिढ्यानपिढ्या नाकारल्या गेल्या, त्याच्यापर्यंत तो वाटा आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी वेगळे निर्णय घ्यावे लागतात, आणि ते घ्यायला भाग पाडावे लागते. हे कसे घडते ते या लेखात पाहू.

सरासरी काय लपवते?

देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचे एकूण मूल्य वाढले की त्याला आर्थिक वाढ म्हणतात. त्या मूल्याला लोकसंख्येने भागले की दरडोई आकडा मिळतो. पण तो सरासरीचा आकडा असतो. समजा, एका वस्तीत दहा कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपये आहे. त्यातल्या एकाच कुटुंबाचे उत्पन्न ११ लाखांवर गेले, तर वस्तीची सरासरी दुप्पट, म्हणजे २ लाख होते. उरलेली नऊ कुटुंबे मात्र जिथल्या तिथेच असतात.

म्हणून विषमता वेगळी मोजावी लागते. त्यासाठी गिनी निर्देशांक वापरतात. तो शून्याजवळ असेल तर वाटप समान आणि शंभराजवळ असेल तर अत्यंत विषम समजले जाते. जागतिक बँकेच्या माहितीत २०२२-२३ साठी भारताचा हा आकडा २५.५ आहे. तो दाखवून २०२५ मध्ये भारत जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक असल्याचा दावा सरकारकडून झाला. पण हा आकडा कुटुंबांच्या खर्चावरून काढलेला आहे. गरीब कुटुंबाची जवळजवळ सगळी कमाई खर्च होते. श्रीमंत कुटुंब उरलेल्या पैशातून जमीन, शेअर, सोने घेते, आणि ते खर्चात दिसत नाही.

उत्पन्न आणि संपत्ती पाहिली की चित्र बदलते. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. चर्चेत कोणी आकडा फेकला तर आधी विचारा, हा खर्चाचा आहे, उत्पन्नाचा की संपत्तीचा? आणि त्यात जात दिसते का?

वाढ झाली की विषमता घटते का?

अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये एक अंदाज मांडला. औद्योगिकीकरणाच्या सुरुवातीला विषमता वाढते आणि पुढे ती कमी होते, असा तो अंदाज. आपल्या मांडणीला पुराव्याचा आधार थोडा आहे हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. तरीही ‘आधी वाढ होऊ द्या, वाटप नंतर बघू’ असे म्हणणाऱ्यांनी तिचा भरपूर वापर केला. थॉमस पिकेटी यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात अनेक देशांच्या दीर्घकाळाच्या नोंदी तपासून दाखवले की, विषमता घटते ती कर, कायदे, शिक्षण आणि राजकीय घडामोडींमुळे. वाढीच्या वेगाने ती आपोआप घटत नाही.

दक्षिण कोरिया आणि तैवान यांची उदाहरणे यासाठीच महत्त्वाची आहेत. दोन्ही देशांनी औद्योगिक झेप घेण्याआधी, १९५० च्या सुमारास, जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांना वाटल्या. त्यामुळे पुढे कारखाने आले तेव्हा शेतमजुराच्या मुलाच्या पाठीशी निदान जमिनीचा तुकडा आणि शाळा होती. आपल्याकडे कूळकायदे आणि कमाल जमीनधारणेचे कायदे झाले. पण कुळाला जमीन मिळण्यासाठी तो आधी कूळ असावा लागतो. आपला बहुतांश समाज कूळही नव्हता, मजूर होता.

बाबासाहेबांची मांडणी

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा निबंध १९१८ चा. त्यात त्यांनी तुकडा लहान असण्यापेक्षा भांडवलाचा अभाव आणि शेतीवर पडलेला माणसांचा भार यांकडे बोट दाखवले आणि औद्योगिकीकरण हा उपाय सांगितला. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी दिलेला इशारा आपण जयंतीला नेहमी ऐकतो. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असा विसंगतीचा काळ सुरू होत आहे आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाही धोक्यात येईल, असे ते म्हणाले होते. बाबासाहेब विकासाच्या बाजूने होते, उद्योगांच्या बाजूने होते. मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र त्यांनी कधी सोडला नाही.

तीन दारे : गिरणी, जमीन, नोकरी

*गिरणी.* मुंबईच्या कापड गिरण्या हा त्या काळातला मोठा विकास होता. गाव सोडून आलेल्या अस्पृश्य कामगारांना तिथे काम मिळाले. पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागत असे, त्यामुळे विटाळाचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र आधुनिक होते, पण त्याच्यापुढे कोणी उभे राहायचे हे जात ठरवत होती. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या आणि गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर व मॉल उभे राहिले. किंमत जमिनीला आली, आणि जमीन कामगाराची नव्हती.

*जमीन.* महार वतन म्हणजे पिढीजात गावकीच्या बदल्यात मिळालेला जमिनीचा तुकडा. ही गुलामी संपावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक आणले. वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये. जमीन ठरावीक रक्कम भरल्यावर परत मिळणार होती आणि ती परवानगीशिवाय विकता येणार नव्हती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसे तुरुंगात गेली. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहितीच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे फक्त ८.६ टक्के क्षेत्र होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला त्यांचा वाटा १६.६ टक्के होता.

*नोकरी.* इथे आपल्या समाजाचा एक खास इतिहास आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राच्या पातळीवर मिळेनाशा झाल्या. महाराष्ट्राने राज्यात सवलती दिल्या, पण केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली १९९० मध्ये. मधली ३४ वर्षे म्हणजे रेल्वे, बँका, टपाल, सार्वजनिक कारखाने यांच्या विस्ताराचा काळ. म्हणूनच अनेक घरांत माणूस मनाने बौद्ध आणि कागदावर ‘हिंदू महार’ राहिला. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर तो शब्द दिसला की तरुणांना राग येतो, पण त्यामागे हे कारण होते. १९९० मध्ये दार उघडले आणि १९९१ मध्ये उदारीकरण आले. नव्या नोकऱ्या खासगी क्षेत्रात निघू लागल्या. तिथे आरक्षण नव्हते.

खासगी क्षेत्र फक्त गुणवत्ता पाहते, असे सांगितले जाते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी ते तपासले. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांना पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या तुलनेत स्पष्टपणे कमी आढळली. फरक फक्त आडनावाचा होता.

आपण काय तपासायचे?

या अभ्यासाचा उपयोग गावात व्हायला हवा. तरुणांनी आपापल्या तालुक्यात पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

१. वतन जमिनी. जुना सातबारा आणि फेरफार काढा. जमीन आज कोणाच्या नावावर आहे, विक्री झाली असेल तर परवानगी होती का, हे पाहा.

२. गायरान. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांच्या ताब्याला मान्यता देण्याचा शासन निर्णय आहे. त्यासाठी गाव नमुना १-ई मधली नोंद आणि दंडाच्या पावत्या सांभाळून ठेवा. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची दखल घेतल्यावर नोटिसा निघाल्या, तेव्हा कागद असलेली कुटुंबे निदान बाजू मांडू शकली.

३. ताबा हिसकावला असेल तर. अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) खाली गुन्हा आहे. तो केवळ दिवाणी वाद नाही.

४. सबलीकरण योजना. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. अडचण जमीन विकत मिळण्याची आहे. तालुक्यात किती अर्ज आले आणि किती जमीन मिळाली, हे माहिती अधिकारात मागा.

५. निधी. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात राखून ठेवायचा असतो. तो वळवू नये म्हणून कर्नाटक आणि तेलंगणात कायदा आहे. जिल्ह्याचा निधी किती आला, किती खर्च झाला आणि कशावर झाला, हे दरवर्षी विचारा.

त्या बैठकीनंतर चार मुले तलाठी कार्यालयात गेली. तीन फेऱ्यांनंतर जुने उतारे हातात आले. रस्त्याला लागून असलेल्या एका गटाच्या जुन्या उताऱ्यावर वतनाची नोंद आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या पणजोबांचे नाव त्यावर आहे. ती जमीन पुढे कोणाकडे आणि कशी गेली, याचे फेरफार आता आम्ही एकेक करून काढत आहोत.