संगणकाच्या भाषांतील वारसाहक्क

वारशाचे तंटे केवळ माणसांतच होतात असे नाही. नॉर्वेतील डाल व न्यूगोर यांनी ‘सिम्यूला ६७’ या संगणकभाषेत एका वर्गाची माहिती व कृती दुसऱ्या वर्गास वारशाने देण्याची सोय केली. १९८९ साली ‘सी प्लस प्लस’ने दोन जनक मान्य केले, परंतु दोहोंचा पूर्वज एकच असेल, तर त्याची ठेव एकपट धरावी की दुप्पट? १९९५ च्या ‘जावा’ने हा तंटा मुळातच खुडला : जनक एक, करार हवे तितके. करारात कर्तव्यांची केवळ नावे असत. कृती वर्गाने स्वतः करावी, अथवा पदरी बाळगलेल्या दुसऱ्या वस्तूकडून करवून घ्यावी. पण जुन्या करारात एक कर्तव्य वाढविले, की तो पाळणारे सारे वर्ग अडत. म्हणून २०१४ साली करारांना कृती दिली. ठेव मात्र दिली नाही. दोन कृतींतून एक निवडता येते. भाऊबंदकी माजते ती ठेवीवरूनच.