बंदूक खुंटीवरून कपाटात कशी आली

निवडणूक संपली की आपल्या सिंधुदुर्गात आठ-पंधरा दिवस एक दृश्य हमखास दिसतं. पोलीस ठाण्याबाहेर शेतकरी उभे आणि आतून एकेक करून बाहेर येणाऱ्या त्यांच्या बंदुका. कुणाची ठासणीची, कुणाची एकनळी बारा बोर. यावेळी त्यांच्यातल्या तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला, "बंदुकीक कपाट घेवचा म्हणतंय, खयचा घेव?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आधी सांगतो, कपाटाकडे मग येतो. घाई असेल त्यांनी खाली जावं.

1857 नंतर इंग्रजांनी हत्यारं काढून घ्यायचा सपाटा लावला. 1860 ला एक कायदा झाला, आणि लॉर्ड लिटनच्या काळात 1878 चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा. गोऱ्यांना मात्र नियमांतून सूट. लोकांना डाचलं ते हे. मालवण, देवगड, वेंगुर्ला हा तेव्हा इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे तिथे हा कायदा थेट लागू. सावंतवाडी संस्थान, तिथला कारभार वेगळा. पण 1844-45 च्या बंडात मनोहरगडावर काय झालं ते तिथले लोक विसरले नव्हते, आणि इंग्रज तर मुळीच विसरले नव्हते.

1887 च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. 1918 मध्ये गांधीजींनी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी जे पत्रक काढलं, त्यात इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांमध्ये सगळ्या देशाला नि:शस्त्र करणारा हा कायदा सर्वांत काळा ठरेल, अशा अर्थाचं लिहिलंय. अहिंसावाल्या गांधींनी, हो. 1931 च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीतही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे.

मग स्वातंत्र्य आलं आणि गंमत झाली. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी तोच हक्क घटनेत घाला म्हणून दुरुस्ती मांडली. उत्तर द्यायला बाबासाहेब उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा की इंग्रजांनी आपल्याला नि:शस्त्र केलं म्हणून ती मागणी झाली, ती परिस्थिती आता उरली नाही; सरसकट हक्क दिला तर चोर-दरोडेखोरही तोच मागतील. आणि पुढे ते म्हणाले की आग्रह धरायचाच तर व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. त्यांना देशाच्या संरक्षणाचं कर्तव्य म्हणायचं होतं, घरातल्या कपाटाचं नव्हे, हे कबूल. दुरुस्ती फेटाळली गेली.

म्हणून आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे. आजचा शस्त्र कायदा 1959 चा, लागू झाला 1962 मध्ये. त्याच्या तेराव्या कलमात आपल्या कामाची एक ओळ आहे, जी आपल्या शेतकऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना 'द्यावा' असं कायदा म्हणतो, 'देता येईल' असं नाही. अर्थात पुढच्या कलमात नाकारण्याची कारणं दिलेली आहेत, ती लागू होत नसतील तर. आणि ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. रानडुक्कर, माकडं यांनी हैराण झालेल्या आपल्या भागात एवढे शेतीसंरक्षण परवाने दिसतात ते यामुळे. (परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नसतो. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी. हे दरवेळी सांगावं लागतं.)

आता मुख्य गोष्ट. ही बंदूक घरात राहायची कुठे?

संस्थानात, सरदारांच्या वाड्यात शिलेखाना असायचा. शेतकऱ्याच्या घरात खुंटी. माजघरात किंवा पडवीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर बंदूक टांगलेली. खंडेनवमीला खाली उतरायची, पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून परत वर. कोडगूच्या कोडवांना तर परवान्यातूनच सूट आहे, आणि कैलपोढ सणाला तिथे बंदुका देवघरात ठेवून पूजतात. घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी हत्यार ठेवणं ही तेव्हा बेफिकिरी मानत नसत. बंदूक जाग्यावर आहे की नाही हे कुणालाही मान वर केल्यावर कळायचं. ते एक प्रकारचं कुलूपच होतं म्हणा.

पण खुंटीवरची ठासणीची बंदूक बहुतेकदा भरलेली असायची. याचं कारण आळस नाही, तिची रचना आहे. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, मग चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. एकदा ठासलं की ते बाहेर काढणं महाकटकटीचं. सोपा उपाय एकच, बार उडवून टाकायचा. रात्री राखणीला गेलेला माणूस डुक्कर आलं नाही म्हणून पहाटे घरी येताना गावात बार कशाला उडवेल? तो टोपी काढून ठेवायचा आणि बंदूक तशीच टांगायचा. टोपी नाही म्हणजे बंदूक रिकामी, असा समज त्यातून पिढ्यान्पिढ्या झाला. तो खोटा आहे. दारू आत आहे, फक्त ठिणगी नाही. नातवाला टोपीचा डबा सापडला की संपलं. काडतुसाच्या बंदुकीत हा प्रश्न नाही, मोडली की काडतूस हातात येतं. तेव्हा ठासणीवाल्यांनी आधी हे बघावं: रानातून घरी निघण्यापूर्वी, सुरक्षित दिशेला, बार मोकळा करून मगच घराकडे वळायचं. भरलेली बंदूक कुठल्याही कपाटात ठेवली तरी भरलेलीच.

आणि कपाट आलं कधी? आर्देशीर गोदरेज झांझिबारमधली वकिली सोडून मुंबईला परतले आणि 1897 च्या मे महिन्यात लालबागला त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. पुढच्याच महिन्यात, 22 जूनला, पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवल्या की तो काळ डोळ्यांसमोर येतो. 1902 पासून गोदरेज तिजोऱ्या करू लागले, 1923 पासून पोलादी कपाटं. इकडे 1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीनने आणली ती पेटीच्या खोट्या तळाखाली लपवून. हत्यार घरात ठेवायच्या दोन परंपरा या काळात एकदमच वाढल्या: एक कुलपाची, एक लपवण्याची. आपल्याकडे आजही पुष्कळ लोक दोन्हींची खिचडी करतात. बंदूक गादीखाली किंवा कौलाखालच्या वाशावर, आणि काडतुसं साड्यांच्या कपाटात.

लोखंडी कपाट घरोघरी आलं आणि आपण समजलो, प्रश्न मिटला. मिटला नाही. त्या कपाटातलं लॉकर दागिन्यांच्या मापाचं असतं, त्यात चार फुटांची नळी जात नाही. मग बंदूक साड्यांमागे उभी राहते, आणि त्या कपाटाची किल्ली कुठे असते ते घरातल्या पाच वर्षांच्या पोराला माहीत असतं.

कायदा काय म्हणतो? 2016 च्या शस्त्र नियमांमध्ये परवान्याच्या अर्जासोबत सुरक्षित वापर आणि साठवणुकीची हमी द्यावी लागते. हमी म्हणजे कागद. ज्या इंग्रजांनी आपल्यावर 1878 चा कायदा लादला, त्यांच्या देशात आज पोलीस घरी येऊन बंदुकीचं कपाट बघतात. तिथल्या मानकाप्रमाणे त्याचा पत्रा निदान 2 मिलिमीटर जाड लागतो. आपल्या नेहमीच्या कपाटाचा पत्रा बहुधा त्याच्या निम्माही नसतो.

तर आता त्या तिघांना, आणि बाकीच्यांनाही.

उंच, अरुंद, खास बंदुकीसाठीचं कपाट घ्या, नाहीतर फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पत्र्याचं करून घ्या. बिजागऱ्या आतून, कडी दोन-तीन ठिकाणी बसणारी. माप घेताना ठासणीची बंदूक गजासकट मोजा. बारा बोरवाल्यांना सोय अशी की नळी, पुढचा लाकडी भाग आणि दस्ता सुटा होतो, लहान कपाटही चालतं.

कपाट उचलून नेता येत असेल तर चोराची सोयच झाली, म्हणून ते बोल्टने पक्कं हवं. आपली घरं चिऱ्याची. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यात बोल्ट नीट धरत नाही. काँक्रीटच्या खांबाला किंवा जमिनीच्या कोब्याखाली काँक्रीट असेल तिथे बांधा.

आगरोधक तिजोरी घ्यायच्या मोहात पडू नका. तिच्या अस्तरात जिप्समसारखा माल असतो, तो ओल धरतो. आपल्या पावसात चार महिन्यांत नळी तांबूस होईल. त्यातही चामड्याच्या म्यानात घालून ठेवली तर लवकरच. बंदूक उघडी, तेलाचा हात फिरवलेली, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा बघायची.

काडतुसं वेगळ्या कुलपात. ठासणीची दारू तर पोलादी बंद पेटीत मुळीच नको. आग लागली तर त्या पेटीचा बॉम्ब होतो. ती थोडीच ठेवा, चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, कुलूपबंद हलक्या लाकडी पेटीत. टोप्या तिच्याजवळ नकोत.

आकड्यांचं कुलूप की किल्लीचं? मी किल्लीच म्हणेन. आपल्याकडच्या दमटपणात आणि सेल बदलायच्या आळसात बटणांचं कुलूप ऐनवेळी दगा देतं. पण किल्ली परवानाधारकाच्या अंगावर हवी. परवाना ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या नावावर आणि किल्ली नातवाकडे, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्याला रस्ता आहे. धारकाचं वय 70 झालं किंवा त्याने हत्यार 25 वर्षं बाळगलं असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. आणि आजोबा गेले तर बंदूक कपाटात तशीच ठेवायची नाही, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. दु:खात हे कुणाला सुचत नाही, म्हणून आत्ताच घरात सांगून ठेवा.

आता सार्वजनिक भाग. 2024 ची विधानसभा आचारसंहिता लागली 15 ऑक्टोबरला. भात कापणीच्या तोंडावर. आपल्याकडे त्या दिवसांत बंदूक घरी नसणं म्हणजे काय ते डुकरांनी लोळवलेलं शेत बघितलेल्याला सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालानंतर निवडणूक आयोगाचं म्हणणं असं आहे की छाननी समितीने परवानाधारकांचा आढावा घेऊन गरज असेल त्याचीच बंदूक जमा करावी. सरसकट नाही. पण समितीपुढे शेतकऱ्याने ठेवायचं काय? 'माझ्यावर गुन्हा नाही' एवढंच आपण सांगतो. 'माझ्याकडे भिंतीला बांधलेलं कुलूपबंद कपाट आहे, येऊन बघा' हे त्यापेक्षा वजनदार आहे.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे आहे. प्रशासनाने शेतीसंरक्षण परवानाधारकांच्या कपाटांची एकदा घरोघर पाहणी करून नोंद ठेवावी, आणि छाननीत ती नोंद धरावी. ताडपत्रीला, फवारणी पंपाला अनुदान मिळतं, तसं या कपाटालाही मिळावं. आणि आपण, पुढच्या आचारसंहितेची वाट न बघता, कपाट बसवल्याचा फोटो आणि बिल जोडून छाननी समितीच्या नावे अर्ज आधीच देऊन ठेवावा. अर्जाचा मसुदा मी तयार करतोय, हवा असेल त्यांनी खाली तालुक्याचं नाव तेवढं लिहा. बंदुकीचा नंबर किंवा घरचा पत्ता इथे कुणी टाकू नका.